पत्र आलं की आधी तारीख बघा

गेल्या आठवड्यात दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले आणि तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. ट्रेनिंग होतं मेडिकेडचं, म्हणजे अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी १९६५ पासून जो सरकारी आरोग्य विमा आहे त्याचं. मी वकील नाही, पण मेडिकेडच्या सुनावणीत, म्हणजे विमा नाकारला किंवा बंद केला तर त्याविरुद्ध दाद मागतात तिथे, माणसाच्या वतीने वकीलच बोलायला हवा असं नाही, नातेवाईक, मित्र, कुणीही बोलू शकतं, त्यामुळे वर्गात निम्मे तरी माझ्यासारखेच होते.

पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या हातात एक पत्र दिलं, कव्हरेज बंद होणार असल्याचं. मी सवयीने आधी कारण वाचलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कारण नंतर, आधी कुठल्या तारखेपासून बंद होतंय ते शोधा. कारण बहुतेक वेळा हे पत्र किमान १० दिवस आधी पाठवावं लागतं, आणि त्या तारखेच्या आत सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत कव्हरेज सहसा चालू ठेवावं लागतं. आता १० दिवसांतले चार-पाच पोस्टातच जातात, मग पत्र टेबलावर पडून राहतं, शिवाय भाषा अशी की शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. (केस हरली तर मधल्या काळाचा खर्च राज्य परत मागू शकतं, हेही लोकांना आधीच सांगायला हवं, लपवून ठेवायची गोष्ट नाही ही.)

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा पेन थांबला. तारीख उलटून गेली तरी पुढच्या १० दिवसांत सुनावणी मागितली तर मेडिकेड चालवणारी राज्याची एजन्सी कव्हरेज पुन्हा सुरू करू शकते. करायलाच हवं असं नाही, पण मागता येतं.

गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे न उघडलेल्या पाकिटांची पिशवी घेऊन आल्या होत्या. तारीख उलटून तीनच दिवस झाले होते. मी अपील भरलं, त्याला पत्राच्या तारखेपासून ९० दिवसांपर्यंत मुदत असू शकते म्हणून निवांतही झाले, पण तोपर्यंत कव्हरेज पुन्हा सुरू करा असं एक वाक्य त्यात लिहायचं मला माहीतच नव्हतं. त्या बाई निकाल येईपर्यंत इन्सुलिन पुरवून पुरवून वापरत होत्या. केस जिंकली, पण ते दिवस काही परत मिळाले नाहीत त्यांना.

बाकी शिकवलेलंही खूप कामाचं होतं. सुनावणीआधी माणसाला स्वतःची पूर्ण फाईल बघायचा हक्क आहे, आणि फाईल मागितली की बऱ्याचदा चूक तिथेच सापडते, कुणाचा पगार दोनदा धरलेला असतो, कुणाचा पत्ता जुना. १९७० च्या गोल्डबर्ग विरुद्ध केली खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरिबाची सरकारी मदत तोडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या, मेडिकेडच्या नियमांत आजही त्या खटल्याचं नाव आहे. हे ऐकल्यावर मला फार बरं वाटलं, आपण मेहेरबानी मागत नाहीये म्हणून.

सोमवारी एका काकांचा फोन आला, कसलंतरी पत्र आलंय म्हणाले. मी म्हटलं काका, आधी त्यात तारीख कुठली लिहिलीय ते बघा. पाकीट फाडल्याचा आवाज फोनवर ऐकू आला, मग बराच वेळ शांतता. तारखेला अजून सहा दिवस होते. अर्ज त्याच दुपारी गेला.