मधुमेह सोबत घेऊन लोणंद ते बरड

नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान होतं, पालखी पाडेगावला सातारा जिल्ह्यात येते आणि आम्हा साखरवाल्या वारकऱ्यांचं पहिलं काम तिथंच सुरू होतं. पाय पुसायचे. नदीतले ओले पाय तसेच मोज्यांत गेले की बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, कातडी फाटते आणि मुक्कामाला पोचेपर्यंत चिखल आत जातो. मधुमेहानं तळव्याची जाणीव कमी झालेल्याला यातलं काहीच समजत नाही. म्हणून सुती फडक्यानं एकेक बेचकी कोरडी करायची, मोजे बदलायचे. मलम टाचेला लावायचं, बेचकीत नाही. भक्ती म्हणून अनवाणी चालणं मधुमेह्यानं करू नये, हे आम्ही दिंडीत हात जोडून सांगतो. बूटही वारीसाठी नवे नकोत. निदान महिनाभर पायात वागवलेले हवेत.

नुकतंच निदान झालेली माणसं वारीत येतात ती साखर वाढेल या भीतीनं. वाटेवर धोका जास्त असतो तो उतरण्याचा. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि घरबसल्या दिनचर्येवर बेतलेली गोळी इथं जड होते. नुसती मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर जाते. मात्रा किती कमी करायची हे महिनाभर आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, त्याच वेळी डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घ्यावेत. चालायच्या दिवशी इन्सुलिन मांडीत घेऊ नये, पोटावर घ्यावं. राबणाऱ्या मांडीतून ते लवकर रक्तात उतरतं.

लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान, म्हणून बेसावध करणारा. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण असतं. गर्दीत तासन्‌तास उभं राहावं लागतं, जेवणाची वेळ टळते आणि सकाळची गोळी मात्र पोटात काम करत असते. घाम तर सगळ्यांनाच आलेला, त्यामुळे साखर उतरल्याची घामावरून ओळख पटत नाही. हात थरथरले, जीभ जड झाली, शेजारचा उगाच चिडचिड करू लागला की ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातली साखर मोजायचं यंत्र, काढायचा. आधी बोट धुऊन कोरडं करायचं. केळं किंवा पेढा खाल्लेल्या बोटाचं रक्त साखर खोटी वाढलेली दाखवतं आणि खरी उतरलेली साखर लपून राहते. आकडा ७० च्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. शेंगदाण्याचा लाडू अशा वेळी कामाचा नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. सावरल्यावर भाकरी खावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

तरडगाव ते फलटण ही खरी परीक्षा. इतकं चालल्यावर रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. गोळी-इन्सुलिनवाल्यांनी फलटणच्या मुक्कामी झोपण्याआधी एकदा तपासावं आणि ग्लुकोज उशाशी ठेवावं. शेजारी झोपणाऱ्याला ते कुठं आहे हे सांगून ठेवावं.

इन्सुलिन आणि गोळ्या सामानाच्या ट्रकमध्ये कधीच टाकायच्या नाहीत. ट्रक पुढं निघून जातो, शिवाय ताडपत्रीखाली भट्टीसारखं तापलेलं असतं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या डबीत, खांद्यावरच्या पिशवीत ती बरी राहतात. बर्फाला चिकटून ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खाण्याचं म्हणाल तर पंगतीतलं पिठलं-भाकरी उत्तम. बुंदी कपाळाला लावून चिमूटभर घ्यावी. फसवतो तो चहा. पावलोपावली माउली म्हणून पेला पुढं येतो, नाही म्हणवत नाही, आणि एकेका पेल्यात दोन-दोन चमचे साखर असते. बिनसाखरेचा मागितला तर सेवेकरी आनंदानं देतात.

बरडला पाय पुन्हा नीट पाहावेत, तळव्याखाली आरसा धरून. फोड आला असेल तर फोडू नये. स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी बांधावी आणि दिंडीबरोबरच्या आरोग्य पथकाला दाखवावा. कढत पाण्यात पाय शेकणं टाळावं, भाजलेलं कळत नाही.

आणि पंढरपूरहून घरी परतलात की कमी केलेली मात्रा तशीच चालू ठेवू नका. चालणं थांबलं की साखर वर सरकते. डॉक्टरांना आकड्यांची वही दाखवून मात्रा पुन्हा ठरवून घ्या.