टुआटाराच्या गालाचं हाड

लेकीकडे वेलिंग्टनला जायचं ठरलं तेव्हा जो तो मिलफर्ड साउंड बघ, ग्लेशियर बघ म्हणत होता, मी मात्र तिला फोनवरच सांगून ठेवलं, आधी मला टुआटारा दाखव, तो न्यूझीलंडचा सरड्यासारखा दिसणारा प्राणी, बाकी मग.

शहरातून थोड्याच अंतरावर झीलँडिया आहे. 225 हेक्टर जंगल आणि भोवती 8.6 किलोमीटरचं कुंपण, उंदीर-मांजरं आत येऊ नयेत म्हणून. 2005 मध्ये स्टीफन्स बेटावरून 70 टुआटारा आणून इथे सोडले आणि 2009 मध्ये इथेच जन्मलेलं पिल्लू सापडलं!

ऊन होतं, त्यामुळे एक साहेब बिळाच्या तोंडाशी बसलेलेच दिसले. राखाडी-हिरवट अंग, मानेपासून पाठीवर मऊ काट्यांची रांग. लेक म्हणाली, "आई, हा तर सरडाच." मी म्हटलं, अगं नाही, सगळे तसंच समजत होते, 1867 मध्ये लंडनच्या गुंथर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने आतली हाडं नीट तपासली तेव्हा कळलं की हा सरडा नाहीच, वेगळ्याच घराण्यातला आहे आणि त्या घराण्यातला आता हा एकटाच उरलाय.

तिथल्या गाइडकडे कवटीचं मॉडेल होतं, मी मागून हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. डोळ्याच्या खोबणीमागे दोन खिडक्या, एक वर एक खाली, जबड्याचे स्नायू तिथूनच जातात. (आपल्याला अशी एकच. कानशिलावर बोट ठेवून दात आवळा, स्नायू फुगलेला लागतो बघा.) पालीच्या कवटीत खालच्या खिडकीची चौकट, म्हणजे गालाची दांडी, नसतेच, त्यामुळे जबडा जिथे टेकतो ते हाड मोकळं होऊन हलतं. सापाने तर वरचीही दांडी सोडली. टुआटाराला मात्र दोन्ही आहेत, मगरीसारख्या.

दातांचं तर अजूनच भारी आहे. वर दोन रांगा, खाली एक, खालची बरोबर त्या दोघींच्या मधे बसते आणि तोंड मिटल्यावर खालचा जबडा पुढे सरकतो, करवतीसारखा. दात हाडालाच चिकटलेले, झिजले की झिजले, पालीसारखे नवे येत नाहीत, म्हणून म्हातारे टुआटारा मऊच खातात.

आता मुद्दा. सगळीकडे याला 'जिवंत जीवाश्म' म्हणतात, कोट्यवधी वर्षं जसाच्या तसा, आणि पुरावा म्हणून ही दांडीच दाखवतात. मीही इतकी वर्षं तेच धरून चालले होते. पण वेल्समध्ये याच्या घराण्यातला एक जुना जीवाश्म सापडलाय, जेफिरोसॉरस, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची खालची दांडी अर्धवटच आहे! म्हणजे ही दांडी मधे गेली होती आणि टुआटाराच्या वाटेवर पुन्हा आली, बहुतेक त्या करवती चावण्याला कवटी भक्कम हवी म्हणून. मग हा थांबून राहिलेला प्राणी कसा? मला तर 'जिवंत जीवाश्म' म्हणणं त्याच्यावर अन्यायच वाटतो.

आणि लेकीला मी अजून एक सांगितलं ते ऐकून ती चाटच पडली. याचे ज्युरासिक काळातले नातेवाईक आपल्याकडेही होते, गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा नावाच्या थरांत त्यांचे बारके बारके जबडे सापडलेत, 2001 मध्ये त्यातल्या एकाचं नावच ठेवलं गोदावरीसॉरस.

ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गोदावरीचा?" आणि परत वळून त्या बिळाकडे बघत उभी राहिली. तो अजून तिथेच होता, उन्हात, जबडा मिटून.