नाव घातलेली भांडी आणि बिनमाळ्याचे घर

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार नोंदवला गेला, त्या संध्याकाळी बाराही बिऱ्हाडांत पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत असताना माझी नजर पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या माळ्याकडे गेली. २९ वर्षे मी त्या माळ्याखाली पोळ्या लाटल्या होत्या, पण त्याच्याकडे असे पाहिले नव्हते. करारानुसार जागा रिकामी करून द्यायला आम्हाला ४५ दिवस होते. बिल्डर घरभाडे देणार होता, दलाली देणार होता, सामान हलवण्याचा खर्चही देणार होता; माळ्यावरचे काय करायचे हे मात्र करारात कुठेच लिहिलेले नव्हते. पुण्याच्या एरंडवण्यातल्या १९७८ सालच्या आमच्या घरात दोन माळे होते आणि बाल्कनी बंद करून केलेली एक अडगळीची खोली होती. वारज्यात तात्पुरत्या मुक्कामासाठी घेतलेल्या घरात एकही माळा नव्हता. हल्ली माळे कोणी बांधत नाही. छताला पीओपी करतात आणि त्यात दिवे बसवतात. ते घर पाहायला गेलो तेव्हा सासूबाईंनी पाणी किती वेळ येते हे विचारले नाही, ऊन कोणत्या बाजूने येते हेही विचारले नाही. त्यांनी मान वर करून प्रत्येक खोलीचे छत पाहिले आणि मला म्हणाल्या, “अगं, मग वस्तू ठेवायच्या कुठे?”

वस्तू म्हणजे काय काय, तर तांब्याचा बंब, दोन घंगाळी, पाच पाट, सोऱ्या, पुरणयंत्र, काच नसलेले तीन कंदील, सासऱ्यांचा प्रवासाचा होल्डॉल, सुतळीचे गुंडे आणि एकात एक बसवलेले दूध-पावडरचे सात रिकामे डबे, ज्यांतल्या सर्वांत आतल्या डब्यात कोणत्या तरी आठव्याच डब्याची झाकणे होती. वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती घराबाहेर काढावी, असा एक नियम मी कुठेतरी वाचला होता आणि तो मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, “गौरीचे मुखवटे वर्षातून तीनच दिवस लागतात.” त्यानंतर तो नियम मी पुन्हा उच्चारला नाही.

त्यांचा साठवण्याचा स्वभाव मला फार वर्षे केवळ काटकसर वाटत आला होता. पण माळा उतरवता उतरवता त्यांनी जे सांगितले, ते तुकड्यातुकड्यांनी मी आधी ऐकलेलेच होते, फक्त या डब्यांशी जोडून पाहिले नव्हते. त्यांचे माहेर नारायण पेठेतल्या एका वाड्यात होते. १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी, बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. सासूबाई तेव्हा ११ वर्षांच्या होत्या. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे पर्वतीच्या दिशेने पळाले आणि पाणी ओसरल्यावर परत आले, तेव्हा वाड्याच्या जागी मातीचा ढीग आणि गुडघाभर चिखल होता. दहाबारा माणसांच्या त्या घरातली एकच वस्तू नंतर हाती लागली. दोन गल्ल्या पलीकडे चिखल उपसताना कोणाला तरी एक पितळी पातेले सापडले. त्याच्या काठावर छिन्नीने ठोकून सासूबाईंच्या आजीचे नाव घातलेले होते, म्हणून ते विचारत विचारत घरी आणून दिले गेले. पुढे त्यांना पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या लोकमान्यनगरात जागा मिळाली आणि पहिला भात त्याच पातेल्यात शिजला. ते पातेले आजही आमच्याकडे आहे, त्याच्या एका बाजूला मोठा पोचा आहे, आणि त्याचे काय करायचे याची चर्चा आमच्या घरात कोणी करत नाही.

सासूबाईंनी एक अट मात्र स्पष्टपणे घातली. ‘टाकणे’ हे क्रियापद घरात वापरायचे नाही. वस्तू द्यायची असेल तर द्यावी, विकायची असेल तर विकावी, पण ती कोणाकडे जाणार हे ठाऊक असल्याखेरीज ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला होता आणि पहिल्या आठवड्यात तो तसा ठरलाही, कारण सात दिवसांत आमच्या घरातून फक्त एक इस्त्री आणि दोन कंदील बाहेर पडले.

भांड्यांपासून मग खरी सुरुवात झाली. जमिनीवर जुनी चादर अंथरून आम्ही दोघींनी सगळी भांडी उपडी मांडली आणि वाचायला बसलो. वाचायलाच बसलो असे म्हणावे लागते, कारण मराठी घरातले स्टीलचे भांडे हा एक दस्तऐवजच असतो: कोणी दिले, कोणाला दिले, कशानिमित्त दिले आणि कोणत्या तारखेला दिले, हे सगळे त्या टकटक करणाऱ्या यंत्राने ठिपक्या-ठिपक्यांत कोरलेले असते. ‘चि. सौ. कां.’ने सुरू होणारी तीन ताटे निघाली. सासऱ्यांच्या निवृत्तीला कार्यालयाने दिलेला १९९८ सालचा पाण्याचा पिंप निघाला. माझ्या बारशाची एक वाटीही त्यात होती, जी माझ्या माहेरहून माझ्याबरोबर कधी आली हे मला अजिबात आठवत नव्हते. सासूबाईंनी सरळ विभागणी केली. ज्या भांड्यावर आपले नाव, ते आपले. ज्यावर नणंदेच्या किंवा आत्याच्या घरचे नाव, ते त्यांना विचारून त्यांच्याकडे. आणि ज्यावर कोणाचेच नाव नाही, ते बोहारणीकडे किंवा मोडीत. या पद्धतीने एका दुपारीत साठ भांड्यांचा निकाल लागला आणि मला पहिल्यांदा वाटले की ४५ दिवस पुरतील.

बंबाचा प्रश्न वेगळा होता. तो आम्ही कसब्यातल्या तांबट आळीत रिक्षाने नेला. मोड म्हणजे वजनावर विकला जाणारा मोडका धातू. आपण एखादी गोष्ट ‘मोडीत काढतो’ ती याच व्यवहारातून. मी मनाने बंब मोडीत काढूनच गेले होते, पण दुकानातल्या वयस्कर कारागिराने त्यावरून हात फिरवला, नळ उघडझाप करून पाहिला आणि अंगावरचे ठोके दाखवत म्हणाला, “हे मठारकाम आहे, ताई. मोडीत घालू नका, बंब म्हणूनच जाईल.” हल्ली असे बंब शेतघरांच्या आणि हॉटेलांच्या दारात शोभेसाठी ठेवतात, असे त्याने सांगितले. सासूबाईंना ही कल्पना मुळीच आवडली नाही. निखारे न घालता बंब उभा करून ठेवायचा म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तरी पैसे घेताना त्या त्याला एवढे बजावायला विसरल्या नाहीत की खालची जाळी एका बाजूने सैल आहे, घेणाऱ्याला तसे सांगा.

कपड्यांसाठी बोहारीण आली. हे दृश्य मी लहानपणी आईबरोबर पाहिले होते आणि ते आता बंद झाले असेल अशी माझी समजूत होती, पण आमच्या गल्लीतून ती महिन्यातून दोनदा जाते हे मला या निमित्ताने कळले. ती प्रत्येक साडी उलगडून उजेडात धरत होती, पदराजवळ बोटाने कापड ताणत होती आणि विरलेली साडी न बोलता बाजूला ठेवत होती. चाळीसएक कपड्यांवर तिने तीन पातेली पुढे केली. मी म्हणाले, “मावशी, भांडी नकोत आम्हाला, घरच रिकामे करतोय. कपडे तसेच घेऊन जा.” तिने हातातली पँट खाली ठेवली. “फुकट कशी नेऊ? भीक मागायला आलेय का मी?” मी ओशाळले. सासूबाईंनी मला हाताने गप्प केले आणि स्वतः पुढे सरसावल्या. तीन पातेल्यांऐवजी एक मोठे पातेले आणि वर झाकण, या बोलीवर अर्धा तास घासाघीस झाली आणि दोघीही अत्यंत समाधानाने उठल्या. घर रिकामे करण्याच्या मोहिमेत घरात आलेले ते एकमेव नवे भांडे, आणि सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यावर नाव घालून आणले.

कागदपत्रांबद्दल मात्र कोणालाही कळकळीने सांगावेसे वाटते की गठ्ठा न सोडता रद्दीत घालू नये. सासऱ्यांनी १९७९ पासूनची विजेची बिले वर्षवार दोऱ्याने बांधून ठेवली होती आणि तीनचार वर्षांचे गठ्ठे पाहून मी कंटाळले होते. नवऱ्याने चिकाटी धरली म्हणून १९९४ च्या बिलांमध्ये शेअरची कागदी प्रमाणपत्रे सापडली. १ एप्रिल २०१९ पासून असे कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत, ते डीमॅट करावे लागतात, आणि सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात व तेथून वारसांना अर्ज करून परत मागावे लागतात. आमचे तसेच झाले आहे आणि अर्जाचे काम अजून चालू आहे. विजेची बिले मात्र गेली. रद्दीवाल्याने ती काट्यावर घातली तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

इथवर मी सगळे सासूबाईंचे सांगितले, कारण ते सांगायला सोपे आहे. अडगळीच्या खोलीतला माझा साठा बाहेर आला तेव्हा माझी बोलती बंद झाली. हॉटेलातून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेले प्लास्टिकचे डबे मी मोजले, ते ६३ होते. घरात आलेल्या प्रत्येक मिक्सरचा, फोनचा, राउटरचा रिकामा खोका वॉरंटीसाठी म्हणून ठेवलेला होता. त्यातल्या निम्म्या वस्तूच आता अस्तित्वात नव्हत्या. कॅसेट होत्या, टेपरेकॉर्डर नव्हता. मुलाच्या पहिलीपासूनच्या वह्या होत्या आणि त्या पाहायला मुलगा इथे नव्हता, व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तर तो म्हणाला, “आई, दे ना कोणालातरी.” दुसऱ्याच्या पाढ्यांच्या वह्या कोण घेणार? मी त्यातल्या दोन ठेवल्या. दुधाच्या पावडरचे सात डबे सोसायटीच्या माळीकाकांनी रोपांसाठी आनंदाने नेले होते, पण माझ्या ६३ डब्यांना गिऱ्हाईक मिळेना. रोज कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या मावशींनी पांढरे डबे वेगळे करून घेतले आणि काळे परत केले, त्यांना भाव नाही, असे त्या म्हणाल्या. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

बाकीचे भराभर उरकले. जुना पेटी टीव्ही भंगारवाला न्यायला तयार होता, पण त्याला हवे होते ते फक्त मागचे तांबे. काच तो कुठेतरी फोडून देणार हे उघड होते आणि त्या काचेत शिसे असते, म्हणून टीव्ही आम्ही ई-कचरा संकलनात दिला. गाद्यांचा कापूस पिंजून त्यातून दोन नव्या करून घेतल्या. दिवाळी अंकांसाठी दोन ग्रंथालयांत विचारले, दोन्हीकडे जागा नव्हती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी निम्मे नेले, म्हणजे ते बारा पायऱ्यांचे दोन जिने चढून पुन्हा त्याच इमारतीत राहिले. सामान हलवणाऱ्या कंपनीने लोणच्याची मोठी बरणी फोडली आणि त्याबद्दल आठ दिवस फोन करूनही कोणी दाद दिली नाही.

एका डब्याची गोष्ट राहिली. भांडी वाचताना पुरणयंत्राच्या मागे एक कडीचा डबा निघाला होता आणि त्यावर पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे नाव होते, साल १९८६. कधीतरी त्यातून काहीतरी आले असणार आणि डबा परत द्यायचा राहून गेला असणार. सासूबाईंना फार लाज वाटली. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून त्यांनी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि मला न पाठवता, कठड्याला धरून स्वतः जिना उतरून गेल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजी आता ८२ वर्षांच्या आहेत. त्यांना तो डबा आठवतही नव्हता, पण लाडू त्यांनी ठेवून घेतले.

आम्ही निघालो त्या दिवशी सकाळी टेम्पोत शेवटचे खोके चढत असताना आजींची सून धावत वर आली आणि तिने सासूबाईंच्या हातात तोच डबा ठेवला. “आईंनी दिलाय. वाटेत खायला पोहे आहेत. डब्याची घाई नाही म्हणाल्या.” वारज्यापर्यंत तो सासूबाईंच्या मांडीवर होता. पोहे आम्ही नव्या घराच्या ओट्याशी उभ्याने खाल्ले, डबा घासून पालथा घातला, आणि आता आजी ज्या भाड्याच्या घरी गेल्या आहेत त्याचा पत्ता मिळाला की त्यात काय भरून न्यायचे, याचा विचार सासूबाई करत आहेत.