तांब्यावर नाव आजोबांचं

लोणंदला दिंडीत शिरले तेव्हा सामानाच्या ट्रकवरच्या मामांनी मला न्याहाळून विचारलं, "म्हातारीची नात ना? मग सामान एवढंच?" आजी काय काय बांधून आणायची, त्याच्या गोष्टी पुढं पंढरपूरपर्यंत पुरल्या. माझ्याकडं तिचं एकच होतं, पितळी तांब्या.

आजी गेल्या कार्तिकात गेली, ९२ व्या वर्षी. भिंतीवर फोटो लागला आणि ती एकदम संत झाली. "सगळ्यांचं केलं, पण तोंडातून कधी शब्द काढला नाही," असं पाहुणे म्हणतात. मी ऐकून घेते. शब्द काढला नाही? तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा.

१४ माणसांचं घर. सासू होती तोवर वारीचं नाव काढायची सोय नव्हती. १९८१ साली थोरली सून घरात आली, आजीनं तिच्या हाती परात दिली आणि ज्येष्ठात आळंदी गाठली. तेव्हापासून २०१२ पर्यंत ३२ वाऱ्या, एक खाडा नाही. भक्ती होतीच. पण एकदा पाय चेपताना मला म्हणाली होती, "घरी मी कुणाची सून, कुणाची आई. हितं समदी नुसती माऊली. आन् भाकरी दुसऱ्यानं भाजायची."

माझा जन्म ती वाल्ह्याच्या मुक्कामात असतानाचा. निरोप पोचला फलटणला. ती परत फिरली नाही. नात झाली म्हणून आल्या नाहीत, हे आईनं कितीतरी वर्षं मनात ठेवलं आणि शेवटी एकदा बोलून दाखवलं. आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "नातू झाला असता तरी आले नसते." आईला तेव्हा हसावं की रडावं कळेना. मला मात्र हे उत्तर अजूनही आवडतं.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं, घोडा पुढून गेला तशी पायाखालची माती कपाळाला लावली. तरडगाव, फलटण, बरड. बरड सोडल्यावर बायका म्हणाल्या, या पट्ट्यात म्हातारी हमखास गप्प व्हायची. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. पदरात सुकडी बांधून पोरांसाठी घरी आणायची. नेमकी कुठल्या कामावर, ते आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. आता पालखी मार्ग चौपदरी झालाय. धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागला आणि तिथवर मी उगाच खाली बघत चालले.

नातेपुत्यात पहाटे चारला टँकरपाशी रेटारेटी. केस विंचरायला तांब्या खाली ठेवला, वळून पाहते तर नाही. मामा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. दिवसभर कुणाच्याही हातात पितळ चमकलं की मान वळायची.

माळशिरसच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीला उभे होतो. हजारो टाळ एका दमात वाजत असतात, छातीत घुमतात. चोपदारांनी दंड वर केला आणि सगळं थांबलं. लांबवर कुणाचं तरी तान्हं रडत होतं, तेवढं ऐकू आलं. मग हरवलं-सापडलं सुरू झालं. एक चष्मा, एक पिशवी, आणि पितळी तांब्या. वर नाव घातलेलं होतं, ते माईकवरून वाचलं. आजोबांचं.

आमचे आजोबा जन्मात कधी पंढरीला आले नाहीत. "एकानं घर धरायला पाहिजे," म्हणायचे आणि पारावर पत्ते खेळायचे.

तांब्या आणायला मामा बरोबर आले. तिथल्या माणसानं खूण विचारली.

"बुडाला पोचा आहे," मी म्हणाले.

"कशानं?"

"टँकरवर एक जण रांग मोडून मधे घुसला होता. आजीनं हाणला," मामा म्हणाले. परतताना स्वतःशीच पुटपुटले, "बत्तीस वर्षं चालली म्हातारी, आन् माईकवर नाव त्याचं."

द्वादशीला पंढरपुरात नाव घालणारा शोधला. त्यानं तांब्या उलटा केला, बोटानं पोचा चाचपला, जुनं नाव खोडू का म्हणाला.

म्हटलं, राहू दे. पोच्याशेजारी जागा आहे.