तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिका सोडून कॅनडाला का?

लग्नात, वाढदिवसाला, पुण्याच्या विमानात, अगदी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसले असतानाही मला हा प्रश्न येतो. ‘चांगली न्यू जर्सीत होतात, दोघांच्या नोकऱ्या होत्या. मग कॅनडाला का गेलात?’ विचारणाऱ्याला थंडी ठाऊक असते, पगारातला फरक ठाऊक असतो, टोरांटोच्या आसपास घरांच्या किमती काय झाल्यात तेही ठाऊक असतं. म्हणून ते सगळं सोडून देते. इतकी वर्षं मी ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ असं काहीतरी सांगून विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

पहिली गोष्ट, आम्हाला कुणी घालवलं नाही. नोकरी गेली नव्हती, व्हिसा नाकारला नव्हता. ‘जमलं नाही म्हणून गेले’ असं मागे बोललं जातं, ते मला लागतं. माझा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर होता आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आमची तारीख, २०१६ ची होती. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सहा वर्षं संपली तरी त्या जोरावर मुदत वाढत राहिली असती. अडचण रांगेची होती. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच बायको-नवरा-मुलंही मोजायची, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांच्या वर नाहीत. इथे नागरिकत्वाला अर्थ नाही, जन्म कुठे झाला ते बघतात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यात बायकोचा जन्म कुवेतचा, कारण तिचे वडील तिकडे नोकरीला होते. नवरा सांगलीचा असूनही तिच्या जन्मदेशाच्या रांगेत लागला आणि दोघांना कार्ड मिळालं. आमच्या दोघांचेही जन्म सातारा जिल्ह्यातले.

२०१९ च्या शेवटी ईबी-टू या आमच्या गटाचं भारताचं बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली ते सांगणारं दरमहाचं सरकारी पत्रक, २००९ वर अडकलेलं होतं. महिन्याच्या मध्याला नवं बुलेटिन आलं की नवरा आधी ते उघडायचा. मुलगा भारतात जन्मलेला, एच-फोरवर, म्हणजे माझ्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर. तो २१ वर्षांचा झाला की आमच्या अर्जातून बाहेर. मुलगी न्यू जर्सीत जन्मली, ती अमेरिकन. नवऱ्याची नोकरी एच-फोर ईएडी या काम करायच्या परवान्यावर, म्हणजे माझ्या आय-१४० वर. घरातल्या तिघांचं राहणं एका माझ्या कागदावर होतं, आणि माझी नोकरी सुटली असती तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळाले असते. रांगेचं मला २०१३ मध्ये जातानाही थोडंफार माहीत होतं. तेव्हाची मी म्हणायची, ‘रांग आहे ना? मग सरकेलच.’ तिच्याशी मी अजून भांडते. पण तिच्याकडे तेव्हा एक वर्षाचं पोर होतं आणि हातात ऑफर लेटर होतं. तिनं काय करायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

तरीही आम्ही निघालो नसतो. निघालो ते एका हिवाळ्यामुळे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये धाकट्या भावाचं लग्न होतं. माझी मुदत अमेरिकेतच वाढवून झाली होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जुना, संपलेला. बाहेर पडलं की परत येताना स्टॅम्पिंग, म्हणजे अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन नवा शिक्का घेणं, आलं. मी एकटीच आले, मुलांची शाळा बुडू नये म्हणून. लग्न झालं, आठवड्यानं मुलाखत. खिडकीपलीकडचा माणूस सभ्य होता. कुठल्या प्रकल्पावर काम करता, क्लायंट कोण, तुमचा पगार कोण देतं, एवढंच त्यानं विचारलं. मग पासपोर्ट परत सरकवला आणि सोबत एक छापील चिठ्ठी दिली. २२१(जी), म्हणजे निर्णय थांबवून आणखी कागद मागणारी. चार-पाच कागदांच्या नावांपुढे पेनानं खुणा केलेल्या होत्या. ‘हे पाठवा, मग आम्ही कळवू.’ बाहेर रस्त्यावर येऊन मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. किती दिवस, ते तिच्यावर कुठेच नव्हतं.

कागद दोन दिवसांत पाठवले. त्यानंतर रोज सकाळी संकेतस्थळावर केस नंबर टाकायचा. तिथे इंग्रजीत चौकशी चालू असल्याचंच दिसायचं. ती संपेपर्यंत तसंच दिसणार, हे मला वकिलानं समजावलं होतं, तरी रोज सकाळी तेच शब्द बघून पोटात गोळा यायचा. भारतात बसून काम करायला कंपनीची परवानगी नव्हती, क्लायंटचा डेटा अमेरिकेबाहेरून उघडायचा नाही असा करार होता. साठवलेली रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. मॅनेजर चांगली होती, पण तिच्या मेलमधला सूर आठवड्याआठवड्यानं बदलत गेला. ‘काळजी घे’ पासून ‘काही अंदाज आहे का’ पर्यंत.

सकाळी साडेसहाला मी गच्चीवर जाऊन फोन लावायची, कारण खाली रेंज नीट नसायची. तिकडे संध्याकाळ असायची. नवरा एका हातानं पोळ्या गरम करतोय, मुलगा गृहपाठाचा कागद कॅमेऱ्याला चिकटवून दाखवतोय. मुलगी तीन वर्षांची. पहिले काही आठवडे ती फोन हातातून सोडायची नाही. नाताळनंतर ती फोनकडे यायचीच बंद झाली. नवरा म्हणायचा, ‘बघ, आई आहे.’ ती मान वर न करता ठोकळे रचत बसायची. नवरा कॅमेरा तिच्याकडे धरून ठेवायचा, आणि मी तिच्या डोक्याकडे बघत बोलत राहायची. एकदा तिला रात्रभर ताप होता ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ‘तुला सांगून काय झालं असतं?’ नवरा म्हणाला. त्यात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. मला उत्तर देता आलं नाही.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला आईबरोबर चार घरी गेले. प्रत्येक घरात वाण हातात ठेवताना तोच प्रश्न, ‘अगं, अजून इथेच?’ एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘जावईबापूंचं ठीक आहे ना सगळं?’ व्हिसा, चौकशी, चिठ्ठी हे त्यांना सांगायला गेले तर ते सारवासारव केल्यासारखं ऐकू यायला लागलं. सासरी कळलं तेव्हा सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘बायकोच्या व्हिसावर घर चालवायचं म्हणजे असंच.’

आणि आई खूश होती. हे कुणाला सांगितलेलं नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीच असायची. त्या हिवाळ्यात रोज सकाळी चहाला माणूस होतं, मंडईतून येताना पिशवी धरायला हात होता. ती माझ्यासाठी हुरड्याची कणसं मागवायची, डोक्याला तेल लावून द्यायची. एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून आत येताना ती म्हणाली, ‘देवानंच थांबवलं तुला. नाहीतर अशी कधी राहिली असतीस?’ मी तिच्यावर ओरडले. माझी पोरं तिकडे आहेत, तुला कळत कसं नाही, असं खूप काही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेसाठी पुण्याला जायचं होतं, तर पहाटे तयार होऊन बसली. ‘मी येते सोबत. परीक्षा म्हटलं की तू काही खात नाहीस.’ स्वारगेटला उतरून तिनं मला जबरदस्तीनं उपमा खायला घातला आणि परीक्षा संपेपर्यंत केंद्राबाहेरच्या बाकावर बसून राहिली. मुलीला आणखी लांब पाठवायच्या परीक्षेला ती सोबत आली होती, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं.

ती परीक्षा कॅनडासाठी होती. त्या अडकलेल्या दिवसांत हात रिकामे ठेवले असते तर वेड लागलं असतं. मी एक्सेल उघडलं होतं. जर्मनीचं ब्लू कार्ड हा नोकरीचा परवाना, ऑस्ट्रेलियाचा १८९ नंबरचा कायमचा व्हिसा, गुणांवर निवड करणारं कॅनडाचं एक्स्प्रेस एंट्री, आणि पुण्याला कायमचं परत. जर्मनीत बी-वनपर्यंत भाषा आली तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळत होता, ते मला आवडलं होतं, पण मुलाला सातव्या-आठव्या वर्षी जर्मन शाळेत टाकायचं धाडस नवऱ्याला होईना. पुण्याला परत यायचा रकाना मी सर्वांत जास्त वेळा उघडला आणि सर्वांत कमी भरला. का, ते विचारू नका. कॅनडात एक गोष्ट होती जी जर्मनीत नव्हती: पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, पहिल्या दिवसापासून हातात, सगळ्या घराला, कुठल्याही कंपनीच्या नावाशिवाय. आणि एक घाई होती. तिशी ओलांडली की दर वाढदिवसाला वयाचे पाच गुण जातात, चाळिशीनंतर दहा, पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. आयएल्ट्समध्ये लिसनिंगला आठ आणि बाकी तिन्हींत सात हवे होते. ते मिळाले. शिवाजी विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद पाकिटात मिळवायला भाऊ लग्नानंतरची सुट्टी सोडून कोल्हापूरला खेपा घालत राहिला. तरी आमचे गुण कमीच पडत होते. पुढे ओंटारिओ प्रांताचं नामांकन आलं, त्याचे ६०० गुण एकदम मिळाले, म्हणून झालं.

माझा शिक्का फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस आला. मिळालं त्या विमानानं गेले. तीनेक आठवड्यांत सगळीकडची व्हिसाची कामं बंद झाली, आणि जूनमध्ये एच-वन-बीवाल्यांच्या प्रवेशावरच बंदी आली, ती मार्च २०२१ पर्यंत चालली. माझी चौकशी महिनाभर आणखी लांबली असती तर मी कदाचित वर्षभराहून जास्त साताऱ्यात असते. हे कळल्यावर नवरा एका रात्री म्हणाला, ‘आपण जाऊ या.’ ऑगस्ट २०२१ मध्ये बफलोजवळच्या पीस ब्रिजवरून आम्ही गाडीनं पलीकडे गेलो. मागच्या सीटवर दोन मुलं, पुढच्या डॅशबोर्डवर सामानाची यादी.

तर ‘का’ याचं उत्तर एवढं आहे. आजारपण, लग्न, मरण यासाठी घरी जाताना परत येता येईल का, हा हिशेब मला करायचा नव्हता.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. ‘मग तिकडे सगळं छान आहे का?’ नाही. पगार बराच खाली आला आणि तो फरक अजून भरून निघालेला नाही. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात भरावे लागतात, म्हणजे आईकडे वर्ष-दोन वर्षं जाऊन राहायचं तर तारखा मोजाव्याच लागतात. आणि ज्या आईसाठी मी ‘मोकळेपणा’ शोधत होते, तिला इथे कायमचं आणता येत नाही. आई-वडिलांना पीआर देण्याच्या योजनेत २०२० नंतर २०२५ पर्यंत नव्यानं नाव घालायची संधीच मिळाली नाही, जुन्याच यादीतल्यांना बोलावलं. आम्ही आलो २०२१ ला. उरला सुपर व्हिसा. एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचं आरोग्य विम्याचं संरक्षण आपण विकत घ्यायचं. तिला साखर आणि बीपी, त्यामुळे हप्ता जड पडला. ती एकदा आली, जानेवारीपर्यंत टिकली, मग म्हणाली, ‘मला घरी सोड.’ अमेरिकेत राहून नागरिक झाले असते तर आईच्या ग्रीन कार्डाला आकड्याची मर्यादा नव्हती. पण ते ‘झाले असते’ कोणत्या साली, ते बुलेटिनला विचारा. २०२५ मध्ये ते २०१३ पर्यंत पोचलं. आमची तारीख अजून आलेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, सुट्टीवर आलेली माणसं मिळेल त्या तिकिटानं परत धावली, मग खुलासा आला की आधीच्या व्हिसाधारकांना ते लागू नाही. त्या दोन दिवसांत मला कितीतरी निरोप आले, ‘तुम्ही वेळेत सुटलात.’ कृपा करून असं म्हणू नका. माझ्या मैत्रिणी तिथे आहेत, त्यांची पोरं तिथे आहेत, त्या चुकल्या असं मला वाटत नाही. आणि कॅनडानंही दार ओढून घ्यायला सुरुवात केलीय. २०२५ साठी पाच लाखांचं ठरलेलं पीआरचं लक्ष्य ३,९५,००० वर आणलं. आज मी त्याच गुणांवर अर्ज केला असता तर माझं काय झालं असतं, ते मला माहीत नाही. म्हणून ‘आम्ही पण करू का?’ याला मी हो किंवा नाही म्हणत नाही. तुमची प्रायॉरिटी डेट, थोरल्या मुलाचं वय आणि आई-वडील कुणाजवळ आहेत, एवढं आधी सांगा, मग तासभर बोलू.

सध्या आमच्या घरात वाद चालू आहे तो नागरिकत्वाचा. त्यासाठी कॅनडात राहून भरावे लागणारे १,०९५ दिवस केव्हाच भरले. नवऱ्याला अर्ज आजच करायचा आहे. त्याचं म्हणणं, कॅनडाचा पासपोर्ट असला की मुलगा अमेरिकेत शिकायला व्हिसाच्या मुलाखतीशिवाय जाईल, त्याच्या बहिणीसारखाच सहज. मुलालाही तेच हवंय. ज्या खिडकीपासून मी त्याला लांब आणलं, तिकडेच तो निघालाय, फक्त वेगळा पासपोर्ट घेऊन. मला भारताचा पासपोर्ट परत करायचा नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळेल, आईकडे हवं तितकं राहता येईल, बाबांचं शेत वारशानं माझ्या नावावर येऊ शकेल, हे सगळं मला माहीत आहे. मत देता येणार नाही, नवीन शेतजमीन घेता येणार नाही, माझ्यापुरतं एवढंच जातं. नवरा विचारतो, ‘तू शेत घेणार होतीस का?’ नव्हते घेणार. तरीही मी सही केलेली नाही, आणि यंदा करीन की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.