तिनाचा एक, पाचाचे दोन

आत्याचं मत असं की टॅबवरच्या खेळातली पिल्लं मोठी करूच नयेत. मोठा ड्रॅगन रुबाबदार असतो, पंखबिंख पसरून बेटभर हिंडतो, हे तिला मान्य आहे. पण त्याच्यासाठी तीन पिल्लं खर्ची पडतात. तिन्ही एकमेकांजवळ आणून सोडली की लखलखाट होतो, आणि बघावं तर तिथे एकच थोराड प्राणी. "मग उरलेली दोन गेली कुठं?" हा तिचा प्रश्न. घरातल्या कुणालाही त्याचं धड उत्तर देता आलं नव्हतं.

खेळाचं नाव 'मर्ज ड्रॅगन्स'. इस्तंबूलमध्ये सुरू झालेल्या ग्रॅम गेम्स या कंपनीनं तो २०१७ साली काढला, आणि वर्षभरातच झिंगा या अमेरिकी कंपनीनं २५ कोटी डॉलर मोजून ती कंपनीच गिळली. नियम एका वाक्यात सांगून होतो. एकसारख्या तीन वस्तू शेजारी आणल्या की त्यांची पुढच्या पायरीची एक वस्तू होते. तीन अंड्यांचं एक पिल्लू, तीन पिल्लांचा एक मोठा ड्रॅगन, आणि असंच वर वर. मात्र घाई न करता पाच जमवून एकत्र केल्या, तर पुढच्या पायरीच्या दोन मिळतात. तिनाचा एक, पाचाचे दोन. आमच्या घरातले सगळे मतभेद या एका ओळीतून उगवलेले आहेत.

काका पाचवाले आहेत. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर दर काय सुटतो हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात आकडेमोड केली. समजा १२५ अंडी आहेत. पाच-पाचनं गेलं तर ५० पिल्लं, त्यांचे २० मोठे, त्यांचे ८ आणखी मोठे. तीन-तीननं गेलं तर ४१, मग १३, मग ४. म्हणजे तिसऱ्या पायरीवर बरोबर दुप्पट. "एका पायरीला वीसच टक्के फरक दिसतो. पण हे चक्रवाढ आहे, ताई!" असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे विषय संपला असं ते समजतात. बाकी कुणी समजत नाही.

भाच्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. तो तीनवाला. चौथा आणि पाचवा येईपर्यंत थांबायचं ही कल्पनाच त्याला म्हातारपणाचं लक्षण वाटते. त्यात बेटावर जागा मोजकी असते. पाचाची वाट बघत अंडी साठवत बसलं की प्रत्येक अंडं एकेक चौकोन अडवून बसतं आणि पुढे हलायलाच जागा राहत नाही. काकांच्या बेटाची नेमकी तीच अवस्था आहे. जिकडेतिकडे चार-चारचे गट, पाचव्याच्या प्रतीक्षेत. "काकाआजोबा, तुमचं बेट म्हणजे गोडाऊन झालंय," असं तो म्हणाला, आणि मला ते पटलं. मी काकांना तसं बोलून मात्र दाखवलं नाही.

आणि आत्या? ती ना तीनवाली, ना पाचवाली. अंड्यांची पिल्लं करते आणि थांबते. काकांनी एकदा तिला पेचात पकडायचा प्रयत्न केला. "तीन अंड्यांचं एक पिल्लू करतेस, तेव्हा दोन अंडी जातातच की. त्यांचं काय?" आत्या म्हणाली, "अंड्यांचं काय, त्यांची आपण आम्लेटंसुद्धा करतो." यावर बँकेकडे उत्तर नव्हतं.

तिच्या हट्टाचं नुकसान तिलाच होतं. या खेळात ड्रॅगनची एकूण ताकद वाढली की ढगांनी झाकलेली नवी जमीन खुली होते, आणि थोरांची ताकद पिल्लांपेक्षा जास्त. त्यामुळे आत्याच्या बेटाचा बराच भाग अजून ढगात आहे. खाली पिल्लांचा हा कलकलाट. ती उडत उडत जातात, फुलांवरून काही गोळा करून आणतात, दमतात, आणि आपापल्या घरट्यात जाऊन झोपतात. तिला एवढंच बघायचं असतं. दुपारी चहाच्या आधी टॅब उघडून ती कोण झोपलंय आणि कोण जागं आहे याची हजेरी घेते. खेळ पुढे नेणं हा खेळाचा हेतू असतो, हे तिच्या गावीही नाही. माझं मत विचाराल तर चित्रकारानंही आपली सगळी माया पिल्लांवरच सांडली आहे. थोर ड्रॅगन त्या मानानं राजकीय फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यासारखे छाती काढून असतात.

हे तीन जुळवण्याचं वेड काही नवं नाही. १९९४ साली येवगेनी अलेमझिन या रशियन प्रोग्रामरनं 'शारिकी' नावाचा खेळ केला. रंगीत गोळे, शेजारच्या दोघांची अदलाबदल करायची आणि तीन ओळीत आणायचे. २००१ मध्ये अमेरिकेत 'बिज्वेल्ड'नं गोळ्यांच्या जागी रत्नं आणली. २०१२ मध्ये 'कँडी क्रश सागा'नं गोळ्या-चॉकलेटं आणली, आणि मग लोकल गाडीत खिडकीची जागा मिळालेली माणसंसुद्धा खिडकीबाहेर बघेनाशी झाली. या सगळ्या घराण्यात जुळलेल्या तिन्ही वस्तू नाहीशा होतात. फुटल्या, संपल्या, वरून नव्या पडल्या. तिथं कुणी विचारत नाही की रत्नं गेली कुठं. पाटी पुसावी तसं सगळं लख्ख होतं.

गुंता सुरू होतो तो दुसऱ्या घराण्यात, जिथे तिघं मिळून एक काहीतरी मागे राहतं. माझा त्यातला आवडता खेळ 'ट्रिपल टाऊन'. स्प्राय फॉक्स नावाच्या छोट्या कंपनीनं तो २०१० मध्ये आधी चक्क किंडलवर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रावर आणला. मोबाइलवर तो नंतर आला. सहा बाय सहाचा पट. तीन गवतांचं एक झुडूप, तीन झुडपांचं झाड, तीन झाडांची झोपडी, मग घर, मग हवेली, मग किल्ला. काकांच्या पद्धतीनं हिशेब केला तर नुसत्या गवतापासून एक किल्ला उभारायला ७२९ गवतं लागतात. गवत रोवायला पटावर जागा किती, तर छत्तीस चौकोन, आणि त्यातला एक कोपरा कोठारानं आधीच अडवलेला. वस्तू कुठे उगवणार हेही ठरलेलं असतं. तिसरी जिथे ठेवाल तिथे. पहिल्या दोघांच्या जागा रिकाम्या होतात. या एका नियमावर अख्खा खेळ उभा आहे, आणि तो इतका साधा आहे की कुणीतरी आधीच केला असेल असं वाटत राहतं.

आणि त्यात अस्वलं आहेत. गोलमटोल, निरागस चेहऱ्याची. ती कुणाचं काही बिघडवत नाहीत, फक्त दर चालीला एक चौकोन सरकतात आणि नेमकी आपल्याला हवी त्या जागी येऊन उभी राहतात. चारी बाजूंनी कोंडलं की अस्वलाचं थडगं होतं. तीन थडग्यांचं एक चर्च. तीन चर्चचं एक कॅथीड्रल. इथे खेळणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात. एक तट अस्वलांना शक्यतो फिरू देतो, अगदीच नाइलाज झाला तरच कोंडतो, आणि त्यातलं एखादं उड्या मारणारं निन्जा अस्वल निघालं की हैराण होतो. दुसरा तट थंड डोक्याचा. पटाचा एक कोपरा अस्वलांसाठी राखून ठेवायचा, तिथे त्यांना हाकत न्यायचं, कोंडायचं, चर्चं उभारायची. मी पहिल्या तटातली असल्याचं सगळ्यांना सांगते. माझ्या पटावर कॅथीड्रल कसं उभं राहिलं, हे विचारू नये.

या खेळाची एक नक्कलही निघाली होती, 'येती टाऊन'. अस्वलांच्या जागी हिममानव, बाकी चाल तीच. स्प्राय फॉक्सनं २०१२ च्या सुरुवातीला खटला भरला, आणि त्याच वर्षी तडजोड होऊन 'येती टाऊन'ची मालकी स्प्राय फॉक्सकडेच आली. म्हणजे एकसारखी दोन गावं शेजारी आली आणि एकाच हातात गेली. तिसरं मिळालं असतं तर किल्ला झाला असता.

जपानी 'पझल अँड ड्रॅगन्स'मध्ये तर काही लपवालपवीच नाही. तिथे एका प्राण्याला वाढवायचं तर दुसरे प्राणी त्याला सरळ वाहून टाकावे लागतात, आणि कुठले वाहायचे ते आपणच बोटानं निवडायचं. भाच्याला हा खेळ प्रामाणिक वाटतो. आत्याला तो मी दाखवलेला नाही.

काका इतक्या त्वेषानं पाचाची बाजू का लावून धरतात, याचं कारण मला वाटतं केवळ चक्रवाढीत नाही. ते देना बँकेतून निवृत्त झाले. देवकरण नानजींच्या घराण्यानं १९३८ मध्ये काढलेली, मुंबईची बँक. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. तिनाचा एक. शेवटचा चौकोन बडोद्याचा होता म्हणून इमारत तिथे उभी राहिली. काकांचं त्यात काही अडलं नाही, पेन्शन वेळेवर येतं, ते तसं सांगतातही. पण परवा आत्यानं नेहमीचा प्रश्न टाकला, "उरलेली दोन कुठं गेली?", तेव्हा ते आपल्या बेटाकडे बघत म्हणाले, "पाच असते तर दोन नावं तरी राहिली असती." आत्यानं त्यांच्यापुढे चिवड्याची वाटी सरकवली.

सुटका केली माझ्या मैत्रिणीनं. ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आधी तिनं खेळाची यथेच्छ टर उडवली. निसर्गात असं काही होत नसतं, तीन सरडे जोडून मगर होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बारीकसारीक बदल साचत जातात, तेही कुणी बोटानं ओढत नसताना. डार्विननं १८५९ मध्ये एवढा ग्रंथ लिहिला तो काय ड्रॅगनला लखलखाट करता यावा म्हणून? भाचा खिन्न झाला. मग मास्तरणीला स्वतःलाच राहवेना. "तसं एकदा झालंय म्हणा," ती म्हणाली.

आणि मग तिनं पेशीतल्या ऊर्जाघरांची, मायटोकाँड्रियाची गोष्ट सांगितली. दीड अब्ज वर्षांहून आधी कधीतरी एक सूक्ष्म जीव दुसऱ्याच्या आत गेला. गिळला गेला म्हणा, वस्तीला गेला म्हणा. पण तो पचला नाही. आतच राहिला, आतच वाढला, आणि घरमालकाला ऊर्जा पुरवू लागला. लिन मार्ग्युलिस या अमेरिकी बाईंनी १९६७ मध्ये हे शोधनिबंधात मांडलं. त्याआधी अनेक नियतकालिकांनी तो निबंध साभार परत केला होता. आज हे पाठ्यपुस्तकात असतं. आपल्या पेशींत ते मायटोकाँड्रिया अजून आहेत, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए आहे, ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो.

आत्या टॅब मांडीवर पालथा घालून ऐकत होती. "म्हणजे तो आत गेलेला संपला नाही?"

"नाही, आत्या. तुमच्या आत आत्ता चालू आहे."

"त्याचा तो वेगळा?"

"बराचसा. संसार एक झाला, पण कागदपत्रं वेगळी."

"आणि आईकडून येतो."

"आईकडून."

मैत्रिणीनं घाईघाईनं बजावलं की याचा ड्रॅगनशी काही संबंध नाही, खेळ करणाऱ्यांनी असा काही विचार केलेला नसणार, आणि कृपा करून हे कुणाला माझं नाव घेऊन सांगू नका. आत्यानं मान डोलावली. तिला हवं होतं तेवढं तिनं उचललं होतं. टॅब सरळ करून तिनं दोन निळी पिल्लं शेजारी आणली, तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"ताई, थांब!" काका खुर्चीतून उठलेच. "तीन नको. अजून दोन बघ. तिकडे झोपलीयत ती बघ, घरट्यात."

"झोपलेल्यांना उठवायचं?"

"मग उठेपर्यंत थांब."

"ओढ ना, आत्याआजी!" भाचा ओरडला.

आत्यानं दोघांकडे बघितलं, आणि टॅब चहाच्या ट्रेशेजारी ठेवून ती पिल्लं उठायची वाट बघत बसली. काका साखर किती टाकायची हे विचारायचंही विसरले.