'टेक'चे कार्ड फाडले, 'काढणे'चे लिहिले : स्पॅनिश अभ्यासाचा चौदावा महिना

गेल्या महिन्यापर्यंत माझ्या कार्डांच्या पेटीत इंग्रजी 'टेक' या एकाच क्रियापदाखाली एकतीस वाक्ये साठली होती आणि त्यांच्या उत्तरांत नऊ निरनिराळी स्पॅनिश क्रियापदे येत होती. उजळणीला बसले की माझे मन पहिल्यांदा 'तोमार'कडे धावत असे, कारण कोशात पहिला अर्थ तोच असतो. औषध घेणे, निर्णय घेणे, चहा घेणे इथपर्यंत 'तोमार' निमूटपणे साथ देते. पण पैसे, वेळ, परीक्षा, पायातले बूट किंवा मुलाला शाळेत नेणे यांपैकी काही आले की घोटाळा ठरलेलाच.

हे सारे सुटले ते एका फालतू वाक्यामुळे. 'ए साकादो लास एन्त्रादास' हे वाक्य मी वाचले आणि इंग्रजीची आठवणही न होता डोक्यात उमटले, 'मी तिकिटे काढली'. 'साकार' म्हणजे आतले बाहेर काढणे. (आपल्या 'साकार'शी त्याचा काही संबंध नाही, स्पॅनिशमध्ये आघात दुसऱ्या अक्षरावर पडतो.) मग वही घेऊन 'काढणे' या क्रियापदाचे जेवढे प्रयोग आठवले तेवढे लिहून काढले आणि एकेक कोशात तपासत गेले. बँकेतून पैसे काढणे, रक्त काढणे, दाढ काढणे, फोटो काढणे, कचरा बाहेर काढणे, झेरॉक्स काढणे या सगळ्यांना 'साकार' चालते. एवढ्यावर मी समाधानी होते, तोच निष्कर्ष काढणे, धावपळीतून वेळ काढणे आणि परीक्षेत चांगले मार्क काढणे हेही तसेच्या तसे जुळले. फोटोच्या बाबतीत 'आसेर' आणि 'तोमार' ही क्रियापदेही वापरतात, परंतु 'साकार' कुठेही खटकत नाही, हे माझ्यासाठी पुरेसे आहे.

अर्थात 'काढणे' म्हणजे 'साकार' असे समीकरण मांडून मोकळे होता येत नाही. पायातले बूट काढणे किंवा कापडावरचा डाग काढणे यासाठी स्पेनमध्ये 'कितार' वापरतात, कारण तिथे वस्तू कशाच्या आतून बाहेर येत नसून कशावरून तरी दूर होत असते. मराठीला हा भेद करण्याची गरज वाटलेली नाही. त्यामुळे आता 'काढणे' दिसले की मी आधी स्वतःला विचारते, 'आतून की वरून?', आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते. गंमत अशी की अर्जेंटिनात बूट काढण्यासाठीही 'साकारसे' सर्रास म्हणतात. परीक्षेचेही तसेच आहे. स्पेनमध्ये विद्यार्थी परीक्षा 'करतो', तर अर्जेंटिना आणि चिलीत तो आपल्यासारखीच परीक्षा 'देतो', म्हणजे 'दार' वापरतो. स्पेनच्या धाटणीने शिकण्याचे ठरवले असूनही अशा वेळी माझा जीव दक्षिण अमेरिकेकडे ओढ घेतो. 'कोहेर' मात्र उलट्या दिशेचे आहे. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी ते रोजचे क्रियापद आहे, तर मेक्सिको आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ असा अश्लील होतो की चारचौघांत उच्चारू नये. म्हणून बसच्या कार्डावर मी जाणूनबुजून 'तोमार'च ठेवले आहे.

मराठीचा आधार सर्वत्र टिकत नाही, हे 'येवार' आणि 'त्राएर' या जोडीने शिकवले. 'येवार' म्हणजे नेणे आणि 'त्राएर' म्हणजे आणणे, एवढे पाठ करून मी निर्धास्त होते. दर शनिवारी मी वालेन्सियातील एका बाईंशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलते. तोंडी परीक्षेचा सराव म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावण्याचे नाटक केले आणि मी आपल्या सवयीने, 'मी येताना गोड घेऊन येते' असे मनात जुळवून 'त्राइगो एल पोस्त्रे' म्हणाले. त्या हसल्या आणि त्यांनी विचारले, 'म्हणजे तू आत्ताच माझ्या घरी येऊन बसली आहेस का?' आपण ऐकणाऱ्याच्या जागी उभे राहून बोलतो. कोणी हाक मारली की 'आले, आले' म्हणतो. स्पॅनिश माणूस मात्र स्वतःच्या पायाखालची जागा सोडत नाही, म्हणून तो 'बोय', म्हणजे 'जातो', असे उत्तर देतो आणि गोड पदार्थही तो दुसऱ्याच्या घरी 'नेतो'. या एका बाबतीत मराठी आणि इंग्रजी एका बाजूला पडतात आणि दोघीही मला चुकवतात. 'येवो एल पोस्त्रे' हे वाक्य मी त्या दिवशी दहा वेळा मोठ्याने म्हटले.

वेळ लागण्याचे प्रकरण अजून मिटलेले नाही. 'मला अर्धा तास लागतो' याला 'मे येवा मेदिया ओरा' हे बऱ्याच अंशी जुळते, कारण दोन्हीकडे माणूस चतुर्थीत आहे, कर्त्याच्या जागी नाही. परंतु बोलण्यात जास्त ऐकू येणारे 'तार्दार' माणसालाच कर्ता करते, त्यामुळे 'तार्दो मेदिया ओरा' म्हणावे लागते आणि मी मात्र मराठीच्या नादाने पुनःपुन्हा 'मे तार्दा' लिहिते. या महिन्यातल्या लेखी सरावात ही चूक सहा वेळा झाली, त्यांतल्या दोन एकाच परिच्छेदात.

जुनी एकतीस कार्डे फाडून टाकली आहेत. नवी कार्डे मराठी क्रियापदांनुसार लावली असून त्यांतल्या 'काढणे'च्या गठ्ठ्यात अजून तीन वाक्ये बिनउत्तराची ठेवली आहेत. चित्र काढण्यासाठी 'दिबुहार' आणि आठवण काढण्यासाठी 'आकोर्दार्से' ही सरळ वेगळी क्रियापदे असल्याने त्यांना नवे गठ्ठे लागतील. डुलकी काढण्यासाठी स्पेनमध्ये 'एचार' वापरतात, ज्याचा मूळ अर्थ टाकणे किंवा फेकणे असा आहे, आणि हे एचार पत्र टपालात टाकण्यापासून चहात साखर घालण्यापर्यंत इतक्या ठिकाणी भेटते की पुढचा महिना त्याच्यासाठीच राखून ठेवला आहे.